विलीनीकरणाच्या रात्रीही नदीला पूर येतो

नदीखोरी, पूर आणि धरणं सांभाळणाऱ्या लहान लहान संवर्धन संस्था एकत्र करून प्रादेशिक संस्था उभारायचं ठरलं की पहिल्या बैठका नाव, बोधचिन्ह आणि मुख्यालय कुठे यातच संपतात. आम्ही ज्या विलीनीकरणाचं काम केलं त्यात हे तिन्ही विषय मुद्दाम शेवटी ठेवले. सुरुवातीला एकच प्रश्न घेतला. हस्तांतराच्या मध्यरात्री जोराचा पाऊस सुरू झाला तर फोन कोणाचा वाजेल, त्याच्यासमोर कोणते आकडे असतील आणि धरणाचा दरवाजा उचलायचा आदेश तो कोणाच्या अधिकारात देईल? याचं उत्तर प्रत्येक नदीसाठी लेखी मिळेपर्यंत दुसरं काहीही हलवायचं नाही, असं ठरलं. पुढचा सगळा क्रम यातूनच ठरत गेला.

मोठी संस्था हवी, यामागचं कारण खोटं नसतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९४६ च्या कायद्याने पाणलोटनिहाय संवर्धन प्राधिकरणं उभी राहिली. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल चक्रीवादळाचा पाऊस टोरांटोच्या आसपासच्या नद्यांवर एकदम कोसळला आणि प्रांतात ८१ माणसं दगावली. शेजारच्या नद्या वेगवेगळ्या प्राधिकरणांकडे होत्या. त्या प्राधिकरणांपैकी चार १९५७ मध्ये एकत्र करण्यात आली. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९७२ मध्ये मृदसंधारण, पाणलोट, निचरा अशा सुट्या कामांसाठीची १५४ मंडळं मोडून २४ नैसर्गिक संसाधन जिल्हे केले. त्यांच्या सीमा नदीखोऱ्यांवरून आखल्या आणि कर लावण्याचा अधिकार तिथल्याच निवडून आलेल्या मंडळांकडे ठेवला. न्यूझीलंडमध्ये १९८९ साली पाणलोट मंडळांचं काम प्रादेशिक परिषदांकडे गेलं, तेव्हाही सीमा मुख्यतः खोऱ्यांच्याच धरल्या. नेदरलँड्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला अडीच हजारांहून अधिक जलमंडळं होती, आज २१ आहेत. पण तिथे ही बेरीज काही दशकं चालली. ऑन्टारिओ सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ३६ प्राधिकरणांच्या ७ प्रादेशिक संस्था करण्याचा बेत जाहीर केला. असा बेत कुठेही जाहीर झाला की पुढचं काम ज्यांच्या टेबलावर येतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

सीमेपासून सुरुवात करावी लागते. प्रशासकीय हद्द घेतली तर नदीचा वरचा भाग एका संस्थेकडे आणि खालचा दुसऱ्या संस्थेकडे जाण्याचा धोका राहतो, म्हणून दोन खोऱ्यांचं पाणी वेगळं करणारी जलविभाजक रेषा घ्यायची हे सगळ्यांना मान्य असतं. अडचण ती रेषा काढताना येते. उंचीच्या डिजिटल नकाशावरून संगणक पाणलोट आखून देतो, पण रस्त्याच्या भरावाखालची मोरी त्याला दिसत नाही. भराव त्याला बांधासारखा वाटतो आणि पाणी तो भलतीकडेच वळवतो. सपाट प्रदेशात, शहरात आणि जिथे कालवा किंवा पावसाळी गटार एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातं तिथे ही चूक हमखास होते. आम्ही संगणकाची रेषा छापली, तीवरच्या शंकेच्या जागा लाल केल्या आणि तेवढ्याच जागा पायी तपासल्या. मोऱ्यांच्या तळाची उंची मोजून नकाशात भरावात तेवढा छेद दिला, मग पुन्हा रेषा काढली. भूजलाची सीमा मात्र वरच्या पाणलोटाशी जुळेलच असं नाही. जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर, दोन संस्थांच्या हद्दीत पसरलेला असेल तर विहिरींच्या नोंदी कोणी ठेवायच्या हे करारात वेगळं लिहून घ्यावं, नाहीतर दोघंही ते काम दुसऱ्याचं समजतात.

आता आकड्यांकडे. विलीनीकरणात सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि अंदाजपत्रकात सर्वांत कमी तरतूदही इथेच असते.

प्रत्येक संस्थेची पूररेषा कुठल्या तरी उंचीच्या संदर्भावर, म्हणजे डेटमवर बसवलेली असते. एकाचा डेटम जुना, दुसऱ्याचा नवा. कॅनडात १९२८ आणि २०१३ चे, अमेरिकेत १९२९ आणि १९८८ चे संदर्भ आजही कागदोपत्री शेजारी शेजारी सापडतात. दोघांतला फरक जागेनुसार बदलतो; अमेरिकेच्या पश्चिमेकडे काही ठिकाणी तो मीटरच्याही वर जातो. पूरमैदानाचा उतार १:१००० असेल तर ३० सेंटिमीटरच्या फरकाने पूररेषा जमिनीवर ३०० मीटर सरकते. एवढ्या पट्ट्यात एक अख्खी वसाहत बसते. म्हणून नकाशे नुसते जोडायचे नाहीत. प्रत्येक नकाशाचा डेटम, सर्वेक्षणाचं साल, समोच्च रेषांमधलं अंतर आणि कोणत्या पावसावरून पूर काढला ते एका तक्त्यात भरायचं. ज्या नकाशावर डेटम लिहिलेलाच नाही, त्याच्या परिसरातल्या दोन-तीन पक्क्या बेंचमार्कवर (उंची ठरलेल्या कायमच्या खुणांवर) नव्याने उंची घ्यायची. नदीची पातळी मोजणाऱ्या सगळ्या मापकांच्या शून्यपातळ्याही याच वेळी तपासायच्या, कारण पुलाच्या दुरुस्तीत पट्टी काढून पुन्हा बसवली जाते आणि शून्य सरकतं, पण नोंदवहीत ते येत नाही.

शून्य सरकलं की विसर्गही चुकतो. रुंद पात्रात विसर्ग खोलीच्या साधारण ५/३ घातांकाने वाढतो. दोन मीटर खोली असताना २० सेंटिमीटर जास्त वाचले गेले तर विसर्ग सुमारे १७ टक्के जास्त निघतो. म्हणून पातळीवरून विसर्ग काढायचा आलेख, म्हणजे पातळी-विसर्ग वक्र, वारशाने घेताना त्यामागची प्रत्यक्ष मोजमापं मागायची. वक्र आहे पण वरच्या टोकाला एकही मोजमाप नाही, ही स्थिती फार आढळते. असा वक्र मोठ्या पुरात निव्वळ अंदाज असतो आणि नव्या संस्थेच्या नोंदीत तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. एकक कुठलं हेही पाहावं. एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे ३५.३१ क्युसेक (सेकंदाला घनफूट), आणि जुन्या फायलींत दोन्ही शेजारी शेजारी असतात.

पावसाच्या नोंदी वरवर साध्या दिसतात. रोजचा पाऊस सहसा एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत असा मोजला जातो. काही कार्यालयं तो वाचनाच्या तारखेला लिहितात, काही आदल्या तारखेला. दोन्ही एकत्र केले की एकाच वादळाचा १०० मिलिमीटर पाऊस अर्ध्या केंद्रांवर सोमवारी आणि अर्ध्यांवर मंगळवारी दिसतो, आणि क्षेत्रीय सरासरी दोन्ही दिवशी ५० येते. म्हणजे मोठं वादळ इतिहासातून पुसलं जातं. शेजारच्या दोन केंद्रांच्या नोंदी एक दिवस मागेपुढे सरकवून पाहिल्या की कुठे जास्त जुळतात ते लगेच कळतं. तासाच्या नोंदींतही असंच होतं: वेळ तासाच्या सुरुवातीची की शेवटाची, स्थानिक की जागतिक, उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेली की नाही. आम्ही सगळं जागतिक वेळेत आणलं आणि मूळ नोंद जशीच्या तशी वेगळी जपली.

यंत्रांचं तर प्रत्यक्ष तपासल्याशिवाय काही खरं नसतं. टिपिंग बकेट पर्जन्यमापकात ठराविक पाणी भरलं की छोटी बादली झुकते आणि झुकाव मोजले जातात. त्याच्या एका झुकावाला कुठे ०.२ मिलिमीटर धरतात, तर इंचाच्या हिशोबाने बनलेल्या यंत्रात ०.२५४. यंत्र दुसऱ्या प्रकारचं आणि लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या उपकरणात, गुणक पहिल्या प्रकारचा असेल तर पाऊस २१ टक्के कमी नोंदला जातो, तोही वर्षानुवर्षं. तपासणी सोपी आहे. तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर ०.२ मिलिमीटरला ६.२८ मिलिलिटर पाणी लागतं. ६२८ मिलिलिटर पाणी बारीक छिद्रातून तासाभरात संथपणे सोडायचं. १०० झुकाव मोजले गेले पाहिजेत. पाणी घाईने ओतलं तर बकेट झुकत असताना काही पाणी मोजणीतून निसटतं आणि यंत्र नसलेला दोष दाखवतं.

मापकांच्या दूरसंचाराबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण हस्तांतराच्या याद्यांत ती नसते. लॉगरमधली सिमकार्डं जुन्या संस्थेच्या नावावर असतात. विलीनीकरणानंतर लेखा विभाग जुनी खाती बंद करतो, बिल थांबतं आणि थोड्याच दिवसांत मापकं एकेक करून गप्प होतात. पातळी वाढल्याचा इशारा ज्या ईमेल पत्त्यांवर जातो तेही जुन्या डोमेनचे असतात. डोमेनचं नूतनीकरण राहिलं की इशारा पाठवला जातो, पण कोणालाच मिळत नाही. रेडिओ परवाने, सर्व्हरचे पासवर्ड, एखाद्याच्याच संगणकावर चालणारी छोटी आज्ञावली, मापकाच्या पेटीची किल्ली, ज्याच्या शेतात मापक आहे त्याच्याशी झालेला तोंडी करार, या सगळ्यांची यादी केंद्रनिहाय करावी. एका केंद्राला एक पान द्यावं आणि ते पान केंद्रावर उभं राहून भरावं.

जुनी आणि नवी इशारा-यंत्रणा पुराचा किमान एक संपूर्ण हंगाम समांतर चालवायची. यात खर्च दुप्पट होतो आणि वरून तो कापण्याचा आग्रह होतो, पण इथे माघार घेऊ नये. समांतर काळात इशारा अधिकृतपणे जुनीच यंत्रणा देते. नवीचे इशारे फक्त नोंदले जातात आणि प्रत्येक पावसानंतर दोन्हींचा फरक तपासला जातो. हस्तांतराची तारीखही कोरड्या हंगामात धरावी. आर्थिक वर्षाचा शेवट आणि बर्फ वितळण्याचा किंवा पावसाचा हंगाम एकाच वेळी येत असेल, तर हिशोबाचं हस्तांतर आणि नदीचं हस्तांतर या दोन वेगळ्या तारखा ठेवायला सहसा कायद्याची हरकत नसते. तसा आदेश फक्त वेळेवर काढून घ्यावा लागतो.

धरणांच्या बाबतीत संचालनाची छापील पुस्तिका आणि प्रत्यक्ष रीत यांत अंतर असतं. कोणता दरवाजा अर्ध्यावर अडतो, दरवाजा उचलणाऱ्या यंत्राची वीज गेल्यावर पर्याय काय, खालच्या पुलावरून पाणी जायला लागायच्या आत कोणाला फोन करायचा, हे ज्याने दरवाजे चालवले त्यालाच माहीत असतं. प्रत्येक धरणावर नव्या आणि जुन्या माणसाने मिळून सगळे दरवाजे प्रत्यक्ष उचलून पाहावेत, वीज बंद करूनही. केंद्रीय नियंत्रणकक्ष आला म्हणून धरणावरचा माणूस काढू नये. पाणलोटावर ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर असेल, तर पडलेलं पाणी २० दशलक्ष घनमीटर होतं. त्यातलं किती आणि कधी धरणात येईल हे जमीन आधीच किती भिजली आहे यावर ठरतं, आणि ते सर्वांत आधी तिथे राहणाऱ्याला दिसतं.

पूरक्षेत्रातल्या बांधकामाच्या परवानग्यांमध्ये मात्र वेगळीच गुंतागुंत. प्रत्येक संस्थेची पूररेषा वेगळ्या पावसावर आधारलेली असू शकते. ऑन्टारिओतच बघा: दक्षिण-मध्य भागात हेझलचा ४८ तासांतला २८५ मिलिमीटर पाऊस धरतात, उत्तरेत टिमिन्सच्या १९६१ च्या वादळाचा १२ तासांतला १९३ मिलिमीटर, आणि पूर्वेकडे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर. हे फरक हवामानातून आलेले आहेत. संस्था एक झाली म्हणून एकच पाऊस सगळीकडे लावायचा आग्रह धरू नये. एकसारखा करायचा तो अर्जाचा नमुना, शुल्क, मुदत आणि छाननीची पद्धत. प्रलंबित अर्ज जुन्या नियमांनी निकाली काढायचे की नव्या, हे तरतुदीत नेमकं लिहिलेलं असावं. ते नसेल तर अर्जदार दोन्हींपैकी सोयीचा नियम मागतो आणि दोन्ही बाजूंना वकील लागतो. त्याहून गंभीर म्हणजे निरीक्षकांचे अधिकार. निरीक्षकाला कारवाईचा अधिकार जुन्या संस्थेच्या नेमणुकीतून मिळालेला असतो. संस्था संपली आणि नव्या नेमणुकीचा आदेश त्याच दिवशी निघाला नाही, तर त्याने बजावलेली नोटीस न्यायालयात उभी राहत नाही. चालू खटल्यांत नवी संस्था जुनीची वारस आहे, हे वाक्य कायद्यात असलंच पाहिजे.

जमिनीचे कागद जमवायला सुरुवात सर्वांत आधी करावी, कारण त्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. आम्ही सगळे तुकडे चार गटांत लावले: संस्थेने स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन, अटींसह दान मिळालेली, भाड्याने घेतलेली, आणि मालकी दुसऱ्याची पण देखभाल संस्थेकडे असलेली. दुसरा गट फार नाजूक असतो. ‘जंगल म्हणूनच राहील’ किंवा ‘याच गावासाठी’ अशी अट दानपत्रात असते, आणि काही दस्तांत अट मोडली तर जमीन दात्याच्या वारसांकडे परत जाईल असंही लिहिलेलं असतं. मूळ दानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय अशी जमीन हस्तांतराच्या अनुसूचीत टाकू नये. मोजणी करून घेतली की अतिक्रमणं निघतात, कुंपण आत सरकलेलं दिसतं, शेजाऱ्याची शेड आपल्या हद्दीत सापडते. ती जशी आहेत तशी यादीत लिहावीत. जुन्या रोपवाटिकांची कीटकनाशकांची गोदामं आणि जमिनीखालच्या इंधन टाक्या यांच्याभोवतीच्या मातीची तपासणी हस्तांतराआधीच करून घ्यावी. नंतर ते दायित्व नव्या संस्थेचं होतं आणि जुनीकडून वसूल करायला ती उरलेली नसते.

पैशांबाबत सगळ्यात कडू वाद राखीव निधीवरून होतो. एका संस्थेने वर्षानुवर्षं बचत केलेली असते, दुसरीची धरणं दुरुस्तीला आलेली असतात. दोन्ही एका खात्यात टाकले की बचत करणाऱ्या गावांना आपला पैसा दुसऱ्याच्या धरणात गेला असं वाटतं, आणि ते चूक नसतं. विशिष्ट कामासाठी मिळालेल्या देणग्या आणि निधी पाणलोटनिहाय वेगळ्या खात्यांत ठेवावेत. दुरुस्तीची थकलेली कामं आणि कर्मचाऱ्यांची साठलेली रजा ही दोन्ही दायित्वं प्रत्येक संस्थेच्या नावापुढे आकड्यांत मांडावीत, म्हणजे निदान वाद खऱ्या आकड्यांवर होतो. पहिल्या काही वर्षांत बचत दाखवण्याचं वचन कोणी देऊ नये. वेतनश्रेणी समान करताना ती बहुधा वरच्या श्रेणीला जुळते, संगणक प्रणाली बदलावी लागते आणि समांतर यंत्रणेचा खर्च असतोच. खरी बचत प्रयोगशाळा, मोठी खरेदी, पूर-प्रतिमानं (पुराचा अंदाज काढणाऱ्या संगणकीय पद्धती), लेखापरीक्षण आणि विमा यांत होते, आणि ती सावकाश होते.

माणसांच्या बाबतीत सेवाज्येष्ठतेची एकत्र यादी आणि पदांची समकक्षता लवकर जाहीर करावी. अनिश्चितता लांबली की अनुभवी माणसं आधी जातात, कारण त्यांनाच दुसरीकडे मागणी असते. निवृत्तीला आलेल्यांबरोबर नदीकाठाने फिरून माहिती नोंदवणं हे आमच्या मते विलीनीकरणातलं सर्वांत मोलाचं काम आहे. कोणत्या मोरीत आधी फांद्या अडकतात, कोणत्या घरात आधी पाणी शिरतं आणि तिथे अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, कोणता शेतकरी रात्री फाटक उघडतो, बर्फाचा किंवा गाळाचा बांध कुठे साचतो. ही माहिती नकाशावर बिंदू टाकून, छायाचित्र जोडून नोंदवायची. नुसत्या मुलाखती टिपून ठेवल्या तर आणीबाणीत त्या कोणी उघडत नाही.

एक धोका मोठं झाल्यामुळेच निर्माण होतो. पूर्वी प्रत्येक संस्थेची यंत्रं आपल्याच खोऱ्यात फिरत असत. आता एकच उत्खनक, त्याच होड्या, तीच गमबुटं अनेक खोऱ्यांत जातात आणि आक्रमक वनस्पती, शिंपले, शैवाल बरोबर नेतात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शैवाल सापडल्यावर ‘तपासा, स्वच्छ करा, वाळवा’ ही सवय देशभर लावावी लागली. यंत्र खोऱ्याबाहेर नेण्याआधी धुण्याची जागा आणि सहीची नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी. रोपांचंही तसंच. रोपवाटिका एकत्र केल्या की सोयीसाठी एकाच ठिकाणच्या बियांपासून सगळीकडे लागवड होऊ लागते. बियाण्याचा उगम प्रत्येक वाफ्यावर लिहावा आणि दूरच्या, वेगळ्या हवामानातल्या खोऱ्यातलं बियाणं सहज उपलब्ध आहे म्हणून लावू नये.

काय केंद्रात न्यायचं आणि काय खोऱ्यात ठेवायचं, याची यादी आम्ही ठरावातच घातली. पगार, खरेदी, विदा-साठा (डेटा), प्रतिमानं, कायदेशीर सल्ला केंद्रात. मापकांची फेरी, धरणाचं संचालन, परवानगीपूर्व स्थळपाहणी, स्वयंसेवकांशी संपर्क आणि ठराविक मर्यादेपर्यंतचा आपत्कालीन खर्च खोऱ्याच्या कार्यालयात. शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक ओढाताण होते. पण मध्यरात्री फुटलेल्या बांधावर दगड टाकायला केंद्राच्या मंजुरीची वाट पाहावी लागली तर खोऱ्यातलं कार्यालय नावापुरतंच उरतं.

पाट्या आणि बोधचिन्ह झिजतील तशी बदलली तरी चालतात. जुने दूरध्वनी क्रमांक मात्र पुराचे निदान दोन हंगाम चालू ठेवावेत आणि त्यांवर आलेला प्रत्येक फोन गाव, वेळ आणि कारणासह नोंदवावा. कोणत्या गावातून अजूनही जुन्या क्रमांकावर फोन येतात ते त्या नोंदीतून दिसतं, आणि पुढच्या हंगामाआधी तिथे नवा क्रमांक घेऊन प्रत्यक्ष माणूस पाठवता येतो.